गाळा बघण्याआधी वस्ती मोजा : लोकसंख्येच्या आकड्यांवरून धंद्याची जागा कशी ठरवायची

कोथरूडमधल्या आमच्या पहिल्या दुकानात लहान मुलांचे कपडे घ्यायला यायच्या त्या बहुतेक आज्या. नातवंडं कुणाची न्यू जर्सीत, कुणाची बंगळुरात. "माप काय सांगू बाई, व्हिडिओ कॉलवर दिसतो तेवढाच मला," असं म्हणत एक आजी हवेत हात धरून नातवाची उंची दाखवायच्या, आणि त्या हातावरून मी २० नंबर द्यायचा की २२, ते ठरवायचे. माणसं गोड होती, रस्त्याला गर्दी होती, भाडंही वेळेवर जात होतं. फक्त ते आमच्या बचतीतून जात होतं. सोळाव्या महिन्यात मी आणि जाऊबाईंनी शटर ओढलं ते कायमचं.

गाळा दाखवताना एजंट म्हणाला होता, "मॅडम, इथे पाय ठेवायला जागा नसते." खरंच नसायची. पण त्या पायांत आठ वर्षांखालचे पाय किती, हे ना त्यानं मोजलं होतं, ना आम्ही. दुसरं दुकान पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीत टाकलं, तेव्हा आधी चार महिने नुसतं मोजत होतो. ते कसं मोजलं आणि कुठे फसता फसता वाचलो, ते खाली लिहिलं आहे. उदाहरण मुलांच्या कपड्यांचं आहे. तुमचं पोळी-भाजी केंद्र असेल, फिजिओथेरपीचं क्लिनिक असेल, अकरावी-बारावीचा क्लास असेल, तरी पायऱ्या याच.

हाताशी काय हवं

- एक दोनशे पानी वही आणि पेन. फोनवर टिपू नका. सोसायटीच्या गेटसमोर फोन वर धरून उभं राहिलं की वॉचमन येतोच.
- एक्सेल येत असेल तर उत्तम, नाहीतर कॅल्क्युलेटर पुरतो.
- २०११ च्या जनगणनेची आपल्या जिल्ह्याची पुस्तिका आणि वॉर्डनिहाय तक्ते. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.
- महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून त्या भागातल्या प्रकल्पांची यादी.
- जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. कंटाळवाणं आहे, पण शाळा, दवाखाने, वाहनं असं सगळं एका जागी सापडतं.
- आरामदायक चपला. हे चेष्टेनं लिहिलेलं नाही.

१. आपलं गिऱ्हाईक एका वाक्यात लिहा

"सगळेच आमचे गिऱ्हाईक" असं मनात असेल तर पुढची एकही पायरी उपयोगाची नाही. आमचं वाक्य असं झालं : 'शून्य ते आठ वर्षांचं मूल असलेलं, दुकानापासून दुचाकीवर दहा मिनिटांच्या आत राहणारं, सणाला आणि वाढदिवसाला नवे कपडे घेणारं घर.' यात मोजण्यासारख्या तीन गोष्टी आहेत : वय, अंतर, घर. पोळी-भाजी केंद्रवाल्याच्या वाक्यात नोकरी करणाऱ्या बायका आणि एकेकटे राहणारे भाडेकरू येतील, फिजिओथेरपिस्टच्या वाक्यात साठीच्या पुढची माणसं. आमच्या कोथरूडच्या गाळ्यात गुडघ्यांचं क्लिनिक काढलं असतं तर चाललं असतं, असं जाऊबाई अजून म्हणतात.

लक्षात घ्या, आम्ही 'माणसं' मोजायचं सोडून 'घरं' मोजायला लागलो. मुलाचे कपडे घर घेतं. चहाची टपरी टाकणाऱ्यानं मात्र माणसंच मोजावीत.

२. 'शहर' म्हणजे नेमकी कुठली हद्द?

पहिला खड्डा इथेच आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख. कुणी तुम्हाला पन्नास लाख सांगेल, तेही खोटं नाही. तो आकडा पिंपरी-चिंचवड आणि कॅन्टोन्मेंट धरून होणाऱ्या सलग नागरी भागाचा आहे. आणि जिल्हा धरला तर ९४ लाख. तीन पुणी आहेत. प्रकल्प अहवाल लिहून देणारे यातलं मोठ्यात मोठं पुणं घेतात, कारण कर्जाच्या फाइलीत ते भारी दिसतं.

त्यात हद्दीही हलतात. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३. म्हणजे २०११ चे ३१ लाख या गावांना सोडून आहेत. ठाणे जिल्ह्याचा २०११ चा आकडा १ कोटी १० लाख दिसतो, पण त्यात पालघर आहे. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. जुना आकडा नव्या नकाशावर ठेवण्याआधी हद्द तपासा.

शहरा-शहरांत निवड करायची असेल तर एकूण आकड्यापेक्षा वाढ बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेलं, म्हणजे साधारण ७० टक्के वाढ. नाशिक शहर ३८ टक्क्यांच्या आसपास वाढलं. सोलापूर ८ लाख ७२ हजारांवरून ९ लाख ५१ हजारांवर, जेमतेम ९ टक्के. आणि मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, माणसं चक्क कमी झाली : ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजार. याचा अर्थ सोलापुरात धंदा नाही असा अजिबात नाही. पण सोलापुरात तुम्हाला दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक ओढून आणावं लागेल, तर वाढत्या उपनगरात नव्यानं राहायला आलेल्या बाईचं दुकान अजून ठरलेलंच नसतं. नव्या माणसाला दुसरं सोपं.

३. जनगणनेतून काय घ्यायचं

वॉर्डनिहाय तक्त्यात सगळं नसतं. जे असतं ते असं : घरं किती, माणसं किती, बायका-पुरुष, शून्य ते सहा वयाची मुलं, साक्षर, काम करणारे पुरुष आणि काम करणाऱ्या बायका. घरयादीच्या तक्त्यांत घर स्वतःचं की भाड्याचं, खोल्या किती, टीव्ही, संगणक, दुचाकी, चारचाकी किती घरांत, हे मिळतं.

मी काय केलं? प्रत्येक वॉर्डात शून्य ते सहाच्या मुलांना एकूण लोकसंख्येनं भागलं. महाराष्ट्राची सरासरी २०११ ला जवळपास १२ टक्के होती. तुमचा वॉर्ड त्याच्या वर की खाली, एवढं कळलं तरी डोकं ठिकाणावर येतं. मग माणसांना घरांनी भागलं, की कुटुंब केवढं ते कळतं. दोन भागाकार, बस.

आता खरी अडचण. हे आकडे २०११ चे आहेत. २०२१ ची जनगणना कोविडमुळे राहिली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि तिचे वॉर्डाचे तक्ते हातात पडायला त्यानंतर वेळ लागणारच. तेव्हा शून्य ते सहात मोजलेली पोरं २०२६ मध्ये पंधरा ते एकवीस वर्षांची आहेत. झबली विकणाऱ्याला तो आकडा फसवतो. पण क्लास काढणाऱ्याला तोच आकडा सोन्यासारखा, कारण ज्या वॉर्डात तेव्हा पाळणे जास्त होते, तिथे आज बारावीचे अर्ज भरले जातात, अर्थात कुटुंबं तिथेच टिकली असतील तर. जुना तक्ता फेकू नका, त्यातल्या माणसांचं वय पुढे ढकला आणि मग वाचा.

एक सावधगिरी : जनगणनेतला वॉर्ड क्रमांक आणि आजचा प्रभाग क्रमांक यांचा काडीचा संबंध नाही. पुण्यात २०१२ ला दोन नगरसेवकांचे प्रभाग होते, २०१७ ला चारचे झाले. क्रमांकावरून जुळवायला गेलात तर भलत्याच पेठेचा आकडा हाती लागेल. वॉर्डाच्या हद्दीतल्या रस्त्यांची, नाल्यांची नावं वाचून जुळवा.

४. २०११ नंतरचं शहर कुठे सापडतं

मोशी, चिखली, रावेत, वाकड ही गावं १९९७ ला पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आली, पण तिथल्या टॉवरांची खरी रांग लागली ती नंतर. ती जनगणनेत जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी हे पाहा :

महारेरा. प्रत्येक प्रकल्पात फ्लॅट किती, केवढे, किती विकले गेले, काम कधी पुरं होणार, हे बिल्डरला टाकावंच लागतं. मी एका कागदावर पंधरा प्रकल्प लिहिले आणि समोर वन बीएचके, टू बीएचके, थ्री बीएचके असे रकाने केले. आमच्यासाठी टू बीएचके महत्त्वाचे. नवरा-बायको, एक-दोन मुलं, कधी गावाहून आलेल्या सासूबाई. मात्र महारेरा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालं; त्याआधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारती तिथे नाहीत. त्या पायी मोजायच्या.

शाळा. कुठल्या शाळेत किती विद्यार्थी, हे शिक्षण खात्याच्या यू-डायसमध्ये असतं. मोठी शाळा जवळ आहे म्हणून खूश होऊ नका, तिच्या बस कुठून येतात ते बघा. मुलं पिवळ्या बसमधून उतरतात आणि पिवळ्या बसमधूनच जातात, तुमच्या दुकानासमोर आईबापांसकट थांबत नाहीत.

मतदार यादी. वय आणि घर क्रमांक असल्यानं वस्ती म्हातारी की तरुण, ते कळतं. नावं उतरवून घेऊन लोकांना फोन लावायला ती नाही. वयाचे गट मोजा आणि ठेवून द्या. शिवाय मोशी-भोसरीकडे एक गोम आहे. बीड, लातूर, जळगावहून आलेल्या कितीतरी जणांचं मत अजून गावाकडे असतं. यादीत दोनशे नावं असलेल्या सोसायटीत साडेचारशे माणसं राहत असू शकतात.

आणि एक सापळा ज्यात मी पडलेच होते : जन्मनोंदणी. एका भागात जन्म भरपूर नोंदले गेलेत हे ऐकून मी हुरळले होते. जाऊबाईंनी विचारलं, "अगं, तिथे प्रसूतिगृहं किती आहेत?" जन्म नोंदवला जातो तो जिथे झाला तिथे. बाळ चौथ्या दिवशी दुसऱ्याच उपनगरात घरी जातं.

५. आता पायी फिरा

कागद तुम्हाला तीन-चार वस्त्यांपर्यंत आणून सोडतो. पुढचं पायांनी.

रात्री साडेआठला. नव्या सोसायटीसमोर उभं राहून दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. विकलेले फ्लॅट आणि राहते फ्लॅट यांत फार अंतर असतं. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेलं घर तुमच्याकडे कधीच येणार नाही. एका दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत आम्हाला ऐंशीच दिवे दिसले. महारेरावर ती 'सगळी विकली' होती.

रविवारी सकाळी दहाला. गॅलऱ्या बघा. वाळत टाकलेले शाळेचे गणवेश, दुपटी, छोटे मोजे. हे मला कुठल्याही तक्त्यानं दिलं नाही इतकं नेमकं मिळालं. दोन बायका वर बघत वहीत काहीतरी लिहिताहेत हे पाहून एका वॉचमननं विचारलं, "सर्वेवाल्या का? माझ्या रेशन कार्डाचं काय झालं?" आम्ही कपडे मोजतोय म्हटल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं, कुठल्या विंगेत पोरं जास्त आहेत ते. वॉचमनशी खरं बोला, फायदा होतो. इस्त्रीवाल्याशीही.

सकाळी सात ते आठ. गेटवर शाळेच्या व्हॅन आणि बस मोजा, त्यातही नर्सरी-केजीची पोरं वेगळी. संध्याकाळी त्याच गेटच्या आतल्या घसरगुंडीपाशी.

औषधाच्या दुकानात. एक डायपरचं पाकीट घ्या आणि सहज विचारा, कुठलं माप जास्त जातं. छोटं जात असेल तर वस्तीत नुकतेच पाळणे हललेत. मोठं जात असेल तर वर्षभरात ही पोरं फ्रॉक-चड्डीच्या मापात येणार. दुकानदाराला वेळ असेल तेव्हाच विचारा, संध्याकाळच्या गर्दीत नाही.

पार्किंग. दुचाक्या किती, चारचाकी किती. पण नव्या गाडीला भुलू नका. नवा फ्लॅट म्हणजे नवा हप्ता, आणि पहिली दोन-तीन वर्षं घर हप्त्याखाली वाकलेलं असतं. जमिनीचा रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेला) दर चढा आहे म्हणून माणसाच्या खिशात पैसा आहे, असं होत नाही. २०२३-२४ च्या सरकारी उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भारताचा दरडोई महिन्याचा खर्च सरासरी ६,९९६ रुपये आला, त्यातला जवळपास ४० टक्के खाण्यापिण्यावर. चौघांच्या घरात अठ्ठावीस हजार. त्यातून किराणा, भाडं, फी वजा करून झबल्याला काय उरतं, ते स्वतःशी खरं बोला.

प्रत्येक जागा तीनदा मोजा : एक कामाचा दिवस, एक रविवार, आणि एक दिवस महिन्याच्या दहा तारखेनंतरचा, कारण कारखान्यातले पगार तोवर झालेले असतात. दिवाळीच्या आठवड्यात मोजू नका. पंधरा दिवस आधी बोनसच्या पैशात झुंबड उडालेली असते आणि ऐन लक्ष्मीपूजनाला अर्धी मोशी गावाला गेलेली असते. दोन्ही चित्रं खोटी.

६. गणित उलट्या बाजूनं करा

सगळे 'इतकी वस्ती, म्हणजे इतकी विक्री' असं सुलटं करतात आणि फुगतात. खर्चापासून सुरू करा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

गाळ्याचं भाडं महिना २५,०००, म्हणजे वर्षाला ३ लाख. मदतनीस मुलगी १४,००० प्रमाणे १ लाख ६८ हजार. वीज, पिशव्या, फुटकळ ६०,०००. स्वतःचा पगार २५,०००, वर्षाला ३ लाख. (हा सगळेच विसरतात. आम्हीही विसरलो होतो. सोळा महिने फुकट उभ्या राहिलो.) एकूण ८ लाख २८ हजार.

मालावर सुटतात विक्रीच्या १०० रुपयांमागे ३५. म्हणजे विक्री हवी सुमारे २३ लाख ६६ हजार.

एका मुलामागे घर वर्षाला ४,८०० रुपये कपड्यांवर घालतं असं धरू. त्यातलं ऑनलाइन जातं, मॉलमध्ये जातं, लग्नसराईत लक्ष्मी रोडला जातं. तुमच्या वाट्याला सहावा हिस्सा आला तरी देवाची कृपा, म्हणजे ८०० रुपये. तर मुलं हवीत २,९५७. तुम्ही मोजलेल्या विंगांत दहा राहत्या घरांमागे आठ वर्षांखालची चार मुलं निघाली असतील, तर राहती घरं हवीत सुमारे ७,४००.

आता महारेराचा कागद आणि दिव्यांची वही काढा. दहा मिनिटांच्या अंतरात ७,४०० दिवे आहेत का? आम्ही पसंत केलेल्या पहिल्या वस्तीत दीड हजारही नव्हते. जागा इतकी छान होती, कोपऱ्याची, समोर पार्किंग. मला अजून ती स्वप्नात दिसते. सोडली. नसतील तेवढी घरं, तर भाडं कमी करा, माल बदला किंवा वस्ती बदला. 'हिस्सा' सहाव्याचा तिसरा करून गणित जुळवू नका, तो मोह सगळ्यांना होतो.

आणि त्याच अंतरातली तशीच दुकानं मोजा. दोन असतील तर घाबरू नका, चालत असतील तर बाजार आहे याचा तो पुरावा. बंद पडलेलं एखादं असेल तर शेजारच्या दुकानात चहा घेऊन ते का बंद पडलं, हे आधी विचारा.

७. गाळ्याचे कागद

इथे थोडक्यात. इमारतीचं भोगवटा पत्र (वापराला पालिकेची परवानगी), गाळ्याला व्यापारी वापराची मंजुरी, मिळकतकराची चालू पावती, मालकाचा सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), महावितरणचा व्यापारी मीटर, सोसायटीची हरकत नसल्याचं पत्र. भाडेकरार नोंदणीकृतच करा. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही ती मुदत, दोन्ही बाजूंना आहे की फक्त तुम्हाला, हे वाचा; आमच्या पहिल्या करारात ते फक्त आम्हाला होतं, आणि बाहेर पडताना चार महिन्यांचं डिपॉझिट गेलं. तो करार मी सही करण्याआधी नाही, नंतर वाचला.

८. दर जूनमध्ये पुन्हा मोजा

वस्ती एका वयात थांबत नाही. ज्या सोसायटीत सगळ्यांनी एकाच वर्षी ताबा घेतला, तिथली पोरंही एकदमच मोठी होतात. आम्ही दुकान उघडलं तेव्हा १६ ते २२ नंबरचा माल टिकत नसे. गेल्या जूनपासून २८ आणि ३० ची विचारणा वाढली, तेव्हा जाऊबाईंनी झबल्या-टोपड्यांचे खालचे दोन कप्पे रिकामे करून तिथे मोठ्या मुलांच्या टी-शर्टची थप्पी लावली. पाळणे आता चऱ्होलीच्या बाजूला सरकताहेत. तिथल्या एका नव्या टॉवरचा ताबा सुरू झालाय असं महारेरावर दिसलं म्हणून परवा रात्री साडेआठला जाऊन आलो. अकरा दिवे होते. वहीत तारीख घालून लिहून ठेवलेत.